गप्प बसवलेल्या चाचणीचे मनोगत

मी एक जुनी चाचणी आहे. चाचणी म्हटल्यावर लगेच घाबरू नका, मित्रांनो! मी मुलांची नाही, संगणकाची परीक्षा घेते.

माझा जन्म अमरावतीतल्या एका छोट्या कार्यालयात झाला. तिथे धारणीकडच्या दवाखान्यांसाठी संगणक तयार होतात. त्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी लिहिलेली माहिती टिकते का, हे पाहण्यासाठी रागिणीताईंनी मला तयार केले. मी एक फाइल लिहिते, तिचे नाव बदलते, ती जपून ठेवायला सांगते आणि वीज गेल्याचे सोंग करते. मग आधी फाइल शोधते आणि नंतर ती उघडून आतला मजकूर अक्षरन् अक्षर ताडून पाहते. सगळे जुळले की पडद्यावर हिरवी खूण उमटायची. "हे पोरगी खोटं बोलत नाही," असे ताई कौतुकाने म्हणायच्या.

पुढे ताई नोकरीसाठी पुण्याला गेल्या आणि मी कार्यालयातल्याच गजेंद्रदादांच्या हाती आले. त्यानंतर कर्नेल बदलला. कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. जुना कारभारी वीज गेल्यावर फाइल जुन्याच नावाने परत द्यायचा, नवा ती नव्या नावाने देऊ लागला. बदललेले नाव आता टिकत होते, हे चांगलेच होते, पण मला ते कोणी सांगितले नाही. मी जुने नाव शोधत बसले. ते सापडेना, म्हणून 'फाइल हरवली' अशी लाल खूण दाखवून तिथेच थांबले.

गजेंद्रदादा वैतागले. "फाइल तर इथंच हाये! हे टेस्टच म्हातारी झाली. बंद करून टाकतो इले."

तेव्हापासून माझ्या नावापुढे 'वगळा' असा शेरा आला. रोज सकाळी बाकीच्या चाचण्यांना बोलावणे यायचे. त्यांची लगबग चालायची आणि मी मात्र हाकेची वाट पाहत राहायचे. फार एकटे वाटायचे. फाइल सापडली खरी, पण ती उघडून कोणीच पाहिली नव्हती. ते काम माझे होते. नवे संगणक जीपमध्ये चढले आणि धारणीला निघून गेले.

मग तिकडच्या दवाखान्यातल्या आशाबाई नर्सचा फोन आला. "दादा, सकाळी बायाची माहिती भरली होती. लाइन गेली न् आता अर्धीच दिसून राहिली. पुन्हा घरोघरी फिरू काय मी?"

घाबरून दादांनी ताईंना फोन लावला आणि नवा कारभारी आल्याचे, मला बंद केल्याचे सांगितले. "नाव जुनं मागून राहिली असन ते," ताई म्हणाल्या, "पण आतला मजकूर कोण पायला?"

दादांनी माझ्यातली एकच ओळ बदलली आणि मला नवे नाव शोधायला शिकवले. किती दिवसांनी मला हाक आली! मला फाइल सापडली, मी ती उघडली आणि पाहते तर मजकूर अर्धाच; नवा कारभारी नाव जपत होता, पण आतला मजकूर नाही. मी पुन्हा लाल खूण दाखवली. या वेळी दादांनी सगळे संगणक परत मागवले.

मी खरी ठरले, पण मला आनंद झाला नाही. त्या वेळी आशाबाई उन्हात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर चालत होत्या. मित्रांनो, जुने माणूस असो की जुनी वस्तू, चुकली तर दुरुस्त करा, नवे काय ते शिकवा. पण ती कशासाठी ओरडते आहे, हे पाहिल्याशिवाय तिला गप्प बसवू नका.