विसाव्या पानानंतरचा अंगठा

पान ८८ वर एक पांढरा केस, मुळासकट.

दुसऱ्याच्या कानातून आत्ताच काढलेलं इअरफोनचं बोंड. कोमट.

एकशे छप्पन्न पानांत समुद्र कुठेही येत नाही.

पान १४२. डास, चिरडलेला. रक्त कुणाचं, कळायला मार्ग नाही.

"आता बघ हं. आता येतंय."

हिरव्या कागदातली खोकल्याची गोळी, पुदिन्याची.

*

मी वाचनालयात पुस्तकं बांधते. सुटलेली पानं शिवायची, फाटकी पाठ काढून नवं कापड लावायचं, पुठ्ठा बदलायचा. सव्वीस वर्षं खळीचं भांडं, सुई आणि मी. ओळखीचे लोक म्हणतात, पुस्तकांच्या सहवासात असता, नशीबवान आहात. त्यांनी एक दिवस माझ्या टेबलाशी उभं राहावं. वाचनालयातलं पुस्तक म्हणजे दोनशे माणसांनी वापरलेला आणि एकदाही न धुतलेला टॉवेल. त्यात नखं सापडतात. कोंडा सापडतो. कधी दोन पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ती सुरीनं सोडवावी लागतात, आणि कशानं चिकटली याचा विचार न करता सोडवावी लागतात.

या घाणीचा एकच उपयोग आहे. वाचलेल्या पानाचा खालचा कोपरा मऊ पडतो, जरा फुगतो, काळवंडतो. न वाचलेलं पान ताठ राहतं. वाचकानं पुस्तक कुठे सोडलं ते मी नुसतं बोट फिरवून सांगते. बहुतेक जण चाळिसाव्या पानाच्या आसपास सोडतात, आणि मग चारचौघांत सांगत सुटतात, वाचायलाच हवं.

हे मी एकदा चहा पिताना ग्रंथपाल बाईंना गंमत म्हणून करून दाखवलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

*

यंदा वाचनालय दोन खोल्यांत हलवायचं ठरलं. निम्मी पुस्तकं जाणार होती, लगदा करायला. समितीनं नियम काढला: तीन वर्षांत कुणी घरी नेलं नसेल ते पुस्तक काढायचं, पण एखाद्या वाचकानं ते वाचून शिफारशीची चिठ्ठी लिहून दिली, तर ठेवायचं. नोकरांनी चिठ्ठी लिहायची नाही.

लोकांना वाटलं, आपण मुकी जनावरं सोडवतोय. एकेकानं दहा-दहा चिठ्ठ्या लिहिल्या. 'अवश्य वाचा.' 'मनाला भिडणारं.' 'झोप उडाली.' बाई माझ्याकडे गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चिठ्ठीवाल्यानं खरंच वाचलंय का ते तुम्ही तपासा. तुम्ही पास केलेल्यावर मी एकदा हात फिरवीन आणि शिक्का मारीन.

त्रेपन्न चिठ्ठ्यांपैकी एकतीस मी नापास केल्या. खोटं कशाला बोलू, मजा आली.

भूगोलाच्या मास्तरांच्या अकरापैकी नऊ गेल्या. ते भांडायला आले. म्हणाले, मी हात स्वच्छ धुऊन वाचतो, माझे डाग कसे पडतील? मी त्यांच्यासमोर एक पुस्तक उघडलं. पाठीतून कडकड आवाज आला. ते चार वर्षांपूर्वी मी बांधलं होतं आणि तेव्हापासून ते कुणी पुरतं उघडलेलंसुद्धा नव्हतं. मास्तर निघून गेले. कान लाल झाले होते.

*

माझ्या आवडीचं पुस्तक शेवटच्या कपाटात, तळाच्या फळीवर.

रंगाच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आहे. तिला भावाला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगत नाही. एवढंच. पान ११२ ते ११५ ती एक कप धुते. ती पानं वाचताना माझा जबडा सैल पडतो. तो एरवी आवळलेला असतो हे तेव्हा कळतं. मला किळस येत नाही अशा ज्या थोड्या जागा जगात आहेत, त्यांतली ती एक.

अकरा वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं. शनिवारी दुपारी लगद्याची गाडी येणार होती.

मी ते कधीच कुणाला सुचवलं नव्हतं. पुस्तक सुचवणं म्हणजे आपण अर्धा चावलेला घास दुसऱ्याच्या तोंडात कोंबणं, असं मला वाटत आलंय. याचं कारण माझ्या बहिणीच्या घरी सोफ्यावर बसलेलं असतं.

*

भावजी. ताईचे यजमान. निवृत्त, तब्येतीनं ठणठणीत, आणि आवडीनिवडींनी ओतप्रोत.

ते सिनेमा लावतात आणि पडद्याकडे पाठ करून बसतात. त्यांनी तो पाहिलेला असतो. त्यांना तुमचा चेहरा पाहायचा असतो. "आता बघ हं. आता येतंय." तुम्ही हसला नाहीत तर मागे नेऊन पुन्हा दाखवतात. ताईच्या फोनमध्ये त्यांनी रंगीत गोट्या फोडायचा खेळ टाकून दिलाय आणि रोज जेवताना विचारतात, कितव्या पायरीवर गेलीस? ती बिचारी भांडी घासून झाल्यावर गोट्या फोडते, गृहपाठ केल्यासारखी. आणि गाणं. गाणं ते स्वतः ऐकत असतात, मध्येच डोळे विस्फारतात, एका कानातलं बोंड काढतात आणि तुमच्या कानात घालतात. विचारत नाहीत. ते बोंड कोमट असतं. थोडं ओलं असतं. त्यांचा कान आणि तुमचा कान एका वायरीनं जोडलेले, आणि ते तुमच्या डोळ्यांत आपली आवड उमटायची वाट बघत असतात. घरी जाऊन मी कान साबणानं धुते.

आणि ते अंगठा चाटतात. पान उलटताना, नोटा मोजताना, काही कारण नसतानाही. तोंडात सदैव पुदिन्याची गोळी.

*

त्यांच्याकडे मी सगळ्यांत शेवटी गेले.

आधी कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याला दिलं. त्यानं चौथ्या दिवशी परत आणलं आणि मान खाजवत म्हणाला, ताई, यात काही होतच नाही. कोपरे तिसाव्या पानापर्यंत मऊ होते. चिठ्ठी लिहून देतो म्हणाला. मीच नको म्हटलं. मग मान खाली घालून मास्तरांकडे गेले. त्यांनी पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही.

"मी हात धुऊन वाचतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे ते चालत नाही."

बुधवारी ताई म्हणाली, अगं, घरात वाचणारा माणूस असताना तू दारोदार काय फिरतेस? भावजींनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि खुशीत आले.

"काय मेहुणीबाई, शेवटी आलीस ना आमच्याच दारात?"

मी म्हटलं, भावजी, सगळं वाचा हं, शेवटपर्यंत. ते म्हणाले, तू मला वाचायला शिकवणार का आता? आणि त्यांनी अंगठा चाटला.

*

चिठ्ठी, जशीच्या तशी:

'समुद्रासारखी अथांग कादंबरी. किनाऱ्याची वर्णनं केवळ अप्रतिम, खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. नायिकेचा लढा पाहून डोळे पाणावतात. ज्यांना माझ्या आवडीवर विश्वास आहे त्यांनी डोळे झाकून वाचावी.'

शुक्रवारी सकाळी ते पुस्तक आणि ही चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. मी चिठ्ठी दोनदा वाचली. समुद्र कुठून आला ते कळेना. मग पुस्तक मिटलं आणि पुठ्ठा दिसला. निळा, लाटालाटांचा कागद. तो मीच चिकटवला होता, सहा वर्षांपूर्वी. दुसरा शिल्लक नव्हता.

कोपरे पाहिले. पान १९ पर्यंत ओशट, चिकट, पुदिन्याचा वास. पान १९ वर खुणेला गोळीचा हिरवा कागद. पुढे सगळं कोरडं, ताठ, घड्याळवाल्याचं तिसापर्यंत काय ते मऊ. जुन्या वाचकांचे डाग केव्हाच वाळून कडक झालेले, आणि मी स्वतः पानं पट्टीच्या टोकानं उलटते. शेवटचं पान पुन्हा चिकट.

दुसऱ्या कुणाची असती तर मी ही चिठ्ठी अर्ध्या मिनिटात नापास केली असती. आणि पास केली तरी बाईंचा हात विसाव्या पानावर थांबणारच होता. तो हात मीच तयार केला होता.

*

दुपारी औषधाच्या दुकानातून मी त्या गोळ्यांची एक पट्टी आणली. बांधणीच्या खोलीचं दार लावलं. गोळी तोंडात ठेवली. इतकी गोड, इतकी थंड, की दात शिवशिवले.

अंगठा चाटला. पान २०.

अंगठा चाटला. पान २२.

कागदावरून ओला अंगठा उचलून पुन्हा जिभेवर ठेवायचा. दहाएक पानांनंतर जिभेला चव कळायला लागली: धूळ, जुनी खळ, आणि त्याखाली काहीतरी खारट, माणसाचं. या पुस्तकाला ज्यांनी ज्यांनी हात लावला होता ते सगळे माझ्या तोंडात आले. मला दोनदा उमासा आला. खळीच्या भांड्याशेजारच्या बादलीत थुंकले आणि पुन्हा गोळी लावली. एक ओळही वाचत नव्हते. कोपऱ्यापलीकडे नजर जाऊ देत नव्हते.

११२ ला आले तेव्हा वाटलं, ही चार पानं सोडावीत. कप धुणारी बाई तेवढी कोरडी राहू दे. पण मध्येच चार ताठ पानं राहिली असती तर बाईंना लगेच कळलं असतं. म्हणून तिथे अंगठा जास्तच दाबला. ११५ च्या कोपऱ्यावर हिरवट लाळेचा एक तंतू राहिला. तो मी बाहीनं पुसला, आणि पुसल्यामुळे तो पसरला.

शेवटचं पान त्यांनीच करून ठेवलं होतं.

*

शनिवारी सकाळी बाईंनी हात फिरवला. हळू, एकेक कोपरा, नेहमीसारखा. मी टेबलापलीकडे उभी होते आणि सुईत दोरा ओवण्याचं नाटक करत होते. त्यांनी मधलं एक पान नाकाशी नेलं. मग त्या मागे गेल्या, १८, १९, आणि पुन्हा पुढे, २०, २१. आपला अंगठा त्या डागावर ठेवून पाहिला. रुमाल काढला आणि बोटं पुसली, प्रत्येक बोट वेगळं.

"तुमच्या भावजींचा अंगठा विसाव्या पानानंतर बारीक झालाय," बाई म्हणाल्या.

 माझ्या तोंडात अजून पुदिना होता. तीनदा दात घासूनही गेला नव्हता. बोलले असते तर त्यांना वास आला असता. बहुतेक तसाही आलाच.

त्यांनी चिठ्ठी वाचली. समुद्राशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का उचलला आणि मारला. पुस्तक माझ्याकडे सरकवलं ते पट्टीनं, हातानं नाही.

"उरलेली तपासणी मी एकटी करीन. तुम्ही बांधणीचं बघा."

दुपारी गाडी आली आणि नऊशे पुस्तकं गेली. मास्तरांची नऊही त्यांत होती.

*

गाडी गेल्यावर आठ दिवसांनी, रविवारी, ताईकडे जेवायला होते. भावजी रंगात होते. समितीनं निवडक चिठ्ठ्या नव्या खोलीच्या दारावर लावल्या होत्या, त्यांत त्यांची होती, आणि आठवड्याभरात पाच जणांनी त्या पुस्तकासाठी नाव नोंदवलं होतं. शेजारचे काका, शेजारचे काका ज्यांना सांगतील ते, सगळे. पाच अंगठे. मी वरणात चमचा फिरवत राहिले.

"मेहुणीबाई, तुला एक पुस्तक सांगतो," भावजी म्हणाले. "तुमच्याच वाचनालयात आहे. निळं. तू वाच ते. तुला उगाच वाटतं तुला पुस्तकांतलं कळतं, पण हे वाच."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी निरखून पाहिलं, सोंग नव्हतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, ताट बाजूला सारलं आणि पुस्तकाची गोष्ट सांगायला लागले. किनारा, होड्या, वादळ, भावाची वाट पाहणारी बाई. सांगता सांगता ते माझा चेहरा बघत होते. अंगठा ओठांशी होता.

ताईनं पोळी वाढता वाढता विचारलं, खरंच का गं, इतका छान समुद्र आहे त्यात?

पुस्तक दारावरच्या त्या चिठ्ठीवर जगत होतं.

"हो," मी म्हटलं. "आहे."

भावजी समाधानानं मागे रेलले आणि खिशातून इअरफोन काढला.

*

ते पुस्तक पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्याला पुठ्ठाच नव्हता, आणि ते मला कुणीही सुचवलेलं नव्हतं.