दाराआडची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे, मेपलच्या लाकडाची. मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या यादवी युद्धात, इस्पितळाच्या तंबूत झाला. ॲमॉस ट्रास्क या शिपायाच्या गुडघ्यात गोळी शिरली होती. शेजारच्या खाटेवरचा सायलस त्याच्याच गावचा. तापाने फणफणत त्याने मला तासले आणि त्याच तापात तो गेला. त्याला व्हर्मॉंट राज्यात आणून गावच्या दफनभूमीत पुरले.

मी मात्र पुढे वीस वर्षे ॲमॉसच्या काखेत राबले. शेतात गेले, गोठ्यात गेले, चर्चमध्येही गेले. ॲमॉसची बायको लव्हिनिया सणासुदीला मला मेण लावी, तेव्हा मला फार बरे वाटे. वर्षातला एकच दिवस मी दाराआड उभी असे. मे महिन्यात गावचे जुने शिपाई मृत सोबत्यांच्या थडग्यांवर फुले वाहायला रांगेत जात. त्या रांगेत ॲमॉस दातओठ खात बिनकुबडीचा चाले आणि मग आठवडाभर अंथरूण धरी.

"मेलेल्यांसमोर कसला रे तोरा!" गुडघा शेकताना लव्हिनिया म्हणे.

पुढे गुडघ्याने दगा दिला आणि नांगर सुटला. जखमी शिपायांची सरकारी पेन्शन मिळाली नाही, तर निराधारांसाठी असलेल्या गावच्या गरीबघरात जायची वेळ येणार होती. जखमेचे कागद युद्धातच जळाले होते, त्यामुळे पेन्शन कचेरीने हात वर केले. मग आमच्या भागाच्या खासदाराने एकट्या ॲमॉसला पेन्शन देण्याचे विधेयक मांडले. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. राष्ट्राध्यक्षांची सही तेवढी राहिली होती.

ती झालीच नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला. राष्ट्राध्यक्षांच्या नकाराचे कारण वर्तमानपत्रात छापून आले: हा इसम मिरवणुकीत आधाराशिवाय ताठ चालताना पेन्शन कचेरीच्या चौकशी अधिकाऱ्याला दिसला. वाण्याच्या दुकानात ते वाचून चार लोक हसलेसुद्धा. अधिकारी खोटे बोलला नव्हता, दिसले तेच त्याने लिहिले. दाराआड मात्र त्याने पाहिले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

शेत गेले. आता आम्ही गरीबघरात राहतो. यंदाच्या मे महिन्यातही ॲमॉसने मला दाराआड ठेवले.

"आता तरी घे की तिला! सायलसनेच केलीय ना?" लव्हिनिया चिडून म्हणाली.

"म्हणून तर," टोपी घालत ॲमॉस म्हणाला. "मी बरा झालो असं वाटू दे त्याला."

मित्रांनो, कोणी ताठ चालताना दिसला, तर निकाल देण्याआधी त्याच्या दाराआड एकदा डोकावा. मी तिथेच उभी असेन.