एकोप्याच्या रानात मेंढरं बसेनात

बारामतीहून इंदापूरकडं जाताना पाटाच्या कडेला एकोपा वस्ती होती. चोपन्न सालात आबासाहेबांनी ती वसवली. वडिलार्जित रान सगळ्यांच्या नावावर केलं, भाजीपाला पिकवणारी माळ्यांची घरं आणली, आणि मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या भामाबाईलाही थांबवलं. म्हणाले, "आता रान तुमचं, मेंढरं आमची. वणवण बास."

भामाबाई राहिली. पण वर्ष सरलं नाही तोवर तिचं डोकं तापलं.

वस्तीतल्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजला की भाकरी, वाजला की खुरपं, आणि दिवस मावळताना वाजला की मेंढरं रानात. रात्रभर मेंढरं बसली की रान लेंड्यांनी भरायचं, खताची सोय व्हायची. पूर्वी याच कामासाठी भलेभले बागायतदार तिच्या पालापर्यंत चालत यायचे. म्होरक्या मेंढ्याला कुंकू लावायचे, म्हणायचे, "भामाबाई, चार राती आमच्या रानात बसा की." दाणेही द्यायचे. दाणे गेले त्याचं तिला काही नव्हतं. सगळ्यांच्या कणगीतलं तीही खात होती. विचारणं गेलं, ते तिला झोंबत होतं.

बैठकीत तिनं तसं सांगितलं. आबासाहेब हसले. "अहो, आपल्याच घरात आपल्याला आवतण कसलं?"

त्या हसण्यानं भामाबाईचा असा भडका उडाला की म्हणे शेजारी बसलेल्या भागूबाईच्या लुगड्याची ओली कड वाळली. भामाबाई चरफडत मेंढरांत गेली. मेंढरांच्या कानात काय बोलली ते बिरोबाला ठाऊक. सकाळी म्हातारा रामहरी माळी पाटी घेऊन रानात गेला तर अख्ख्या रानात एक लेंडी नाही! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मेंढरं खायची, प्यायची, ढोलासारखी फुगायची, आणि रुळाकडं रागानं बघत रवंथ करायची.

वांग्याची लागण तोंडावर आली. शेवटी रामहरी कुंकवाची पुडी घेऊन गुपचूप मेंढरांकडं निघाला. आबासाहेबांनी त्याला बांधावरच धरलं.

"टाक ती पुडी, रामहरी! बेंदराच्या मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं, यावरनं माझ्या दोन चुलत्यांनी एकमेकांची डोकी फोडली. दोघंही गेले. तो मान हितं पुन्हा पेरायचा?"

रामहरीनं मान खाली घातली. भामाबाई मात्र मेंढरांभोवतीच्या वाघरीचे खुंटे उपटायला लागली. जाळी गुंडाळली की मेंढरं मोकळी, आणि तीही मोकळी.

"कुठं निघालात?" आबासाहेब ओरडले.

"जितं मानसं हायत तितं! रूळ वाजवून हाकायला मी काय जनावर हाय?"

"भामाबाई, नीट ऐका. बोलावलं तर तुमी पाव्हण्या, न बोलावता आलात तर मालकीण. मी तुमाला मालकीण केलं! तुमाला पाव्हणी व्हायचंय का?"

ती खुंटा हातात घेऊन थांबली. तिडीक मस्तकात गेली. मग खुंटा त्यांच्या पायाशी आपटला.

"मालकिनीला घरात कुनी काय इचारत न्हाय व्हय, आबासाहेब? का मालकीन झाली की तिचं त्वांड शिवायचं?"

आबासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते पाय आपटत निघून गेले. भामाबाईनं निम्मी जाळी गुंडाळली, निम्मी तशीच ठेवली.

दिवस मावळला, पण रूळ वाजला नाही. आबासाहेब पुन्हा आले. कुंकू नव्हतं, हसू तर नव्हतंच. शिवी हासडावी तशा आवाजात ते म्हणाले, "भामाबाई, आज कुठल्या रानात बसायचं?"

"पाटाखालच्या!" ती तेवढ्याच जोरात खेकसली. "आन् उद्याच्याला बी इचारायचं!"

"विचारीन! पण कुंकू आणणार नाही!"

"मागितलंय कुनी?"

मेंढरं पाटाखालच्या रानात गेली आणि साठलेलं सगळं एकदम सुटलं. बारामतीपलीकडं पार वडगाव निंबाळकरात लोकांना गारपीट वाटली, त्यांनी वाळवणं आत घेतली. रामहरी गुडघ्याएवढ्या लेंड्यांत उभा राहून हसत होता. बांधावर ती दोघं एकमेकांकडं पाठ करून बसली होती, आणि वाघरीचा उपटलेला खुंटा आबासाहेब दगडानं पुन्हा ठोकत होते. अजून रागातच.