उपरण्यातली बाटली

मुंबईला बॅगांच्या पट्ट्यावर कचरूनानांची बॅग आली ती खोकतच आली. पहाटे उठल्यावर माणूस खोकतो तसा कोरडा खोकला. मिलानला काट्यावर ती तेवीस किलो भरली होती. इथं दोघांनी धरली तेव्हा कुठं गाड्यावर चढली.

कस्टमच्या साहेबानं हात आडवा केला.

"काय आहे आत?"

"वाईन. एकच बाटली. व्याह्यांनी दिली."

"दोन लिटरपर्यंत चालतं. खोकतंय कोण?"

"तीच."

"घरी गेल्यावर सुंठ-गूळ द्या," साहेब म्हणाला आणि पुढच्या बॅगेकडं वळला.

आता ही बाटली आली कुठनं, ते ऐका. नानांचा पोरगा मयूर तिकडं इटलीत कामाला, त्यानं तिथलीच पोरगी केली, एलिसा. लग्न पोरीच्या बापाच्या अंगणात. मयूर म्हणाला, बाकी काही नको, पण शेला-उपरण्याची गाठ आपल्यासारखी पाहिजे. म्हणून सगुणाबाईंनी पेटीतनं स्वतःच्या लग्नातला शेला काढला, नानांचं उपरणं काढलं, आणि विमानात बसून दोन्ही तिकडं नेलं. गाठ बांधायची करवलीनं. पण मयूरची बहीण उज्ज्वला हिला व्हिसाच मिळाला नाही, मग सगुणाबाईंनीच बांधली. सोडायची मात्र करवलीनंच, घरी, देवापुढं. तवर गाठ तशीच ठेवायची. तशी ठेवली.

पोरीचा बाप आल्दो. उंच गडी, पांढऱ्या मिशा, वाईनच्या द्राक्षांचा मळा. निघताना त्यानं बाटली आणली. एलिसा जन्मली त्या सालची. सत्तावीस वर्षांची बाटली! नाना निफाडकडचे, चाळीस वर्षं खायची द्राक्षं पिकवलेली. त्यांचा माल झाडावरनं उतरला की आठ दिवसांत कुणीतरी खाल्ला नाहीतर नासला. सत्तावीस वर्षं टिकलेलं त्यांनी घरात एकच पाहिलं होतं, सगुणाबाईंचं गप्प बसणं.

तर आल्दोनं बाटली सगुणाबाईंच्या हातात दिली आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. सगुणाबाई हसल्या. दात दिसेपर्यंत हसल्या.

"काय म्हणाला गं?" नानांनी विचारलं.

"मला काय ठाऊक."

"मग हसली कशाला?"

"हसू आलं."

बिनबियांच्या द्राक्षात जन्म गेलेल्या माणसाच्या दाताखाली ही बी बसली. निघता निघेना.

बाटली बांधायला सगुणाबाई टॉवेल घेत होत्या. नाना म्हणाले, "सरक. चाळीस वर्षं पेट्या भरल्या मी, एक मणी फुटू दिला नाही." हाताला मऊ लागलं ते कापड त्यांनी घेतलं. बाटलीला उपरणं गुंडाळलं, वरनं शेला आवळला, गाठ गळ्याशी आणली. उपरण्यात बाटली अशी चपखल बसली, की नानांनी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

घरी बॅग उघडली तर बाटली कमरेएवढी झालेली. सगुणाबाईंनी तिला हात धरून बाहेर काढावं तसं काढलं. शेल्याचा पदर जमिनीला लागू नये म्हणून त्यांनी तो आपल्या खांद्यावर टाकला, आणि तो तिथंच बसला. सगुणाबाई चुलीकडं गेल्या, बाटली तीन पावलं मागं गेली. सगुणाबाई देवापुढं वाकल्या, बाटलीही कलली.

"सोड ती गाठ," नाना म्हणाले.

"करवली आल्याबिगर कशी सोडू? बेस्तरवारी येईल उज्ज्वला."

तो दिवस सोमवारचा.

मंगळवारी बाटली नानांच्या पाटावर बसली. शेजारचा दगूअण्णा भेटायला आला, थेट तिच्यापुढं मांडी घालून बसला. "नाना, तिकडचं पाणी मानवलं बरं का तुम्हाला! रंग बघा कसा चढलाय." बाटली खोकली. अण्णानं मान डोलावली, म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." नाना दाराशी उभे होते. जाताना अण्णा म्हणाला, "वैनी, दारातलं ते काय आहे ते बाजूला घ्या, पायात येऊ राहिलं."

नानांच्या सदऱ्याच्या बाह्या बोटांखाली गेल्या होत्या. मयूरनं बॅग तोलायला आकड्याचा काटा दिला होता. तो त्यांनी तुळईला टांगला आणि स्वतः लोंबकळले. तेवीस किलो. सुटले, परत लोंबकळले. तेवीस.

आत सगुणाबाई हसल्या.

नाना धावत गेले. "काय म्हणाली?"

"कोण?"

"बाटली."

"मला काय ठाऊक."

"मग हसली कशाला?"

"हसू आलं."

बुधवारी दुपारी सगुणाबाईंचा डोळा लागला. बाटली शेजारीच आडवी. बुचावर दोन अक्षता चिकटल्या होत्या. नानांनी छाटणीची कात्री आणली, दोन्ही हातांनी उचलली, आणि शेला गाठीपासून चार बोटं सोडून कापला. कापल्या जागी पाणी आलं. थेंब थेंब, वेलीला येतं तसं. नाना ते बघत बसले, आणि मग त्यांना आठवलं, की छाटलं की फुटतं. हे त्यांनीच चाळीस वर्षं गड्यांना सांगितलं होतं. तास झाला नाही तोच कापलेल्या शेल्याला वेलीच्या काडीसारखे डोळे फुगले, फुटवे आले, एका पदराचे सात पदर झाले. ते सगुणाबाईंच्या मनगटाला लागले, तुळईला लागले, देव्हाऱ्याच्या कडीला लागले. नानांनी अजून दोन ठिकाणी कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत घरात चालायला एक हात जागा उरली.

सगुणाबाई उठल्या, आजूबाजूला बघितलं. "फुटवा चांगला आलाय औंदा," म्हणाल्या.

"सगुणे, मी इथं आहे."

"हं," त्या म्हणाल्या आणि बाटलीला टेकू दिला.

नाना भिंतीला पाठ लावून विचार करत बसले. ते शिकलेले नव्हते, पण माल कुठनं येतो आणि कुठं जातो एवढं त्यांना कळायचं. बाटली बॅगेतनं आली. बॅगेतनं आलं ते सगुणेनं हात धरून काढलं. हात धरून काढलं ते तिच्या खांद्याला लागलं. मग घरात आधीपासनं असलेल्या माणसानं काय करायचं?

बॅग खाटेखाली तशीच पडली होती. बेस्तरवारी सकाळी नानांनी ती ओढून उघडी केली. उपरणं तर बाटलीकडं होतं, म्हणून त्यांनी जुनं धोतर अंगाला गुंडाळलं, पेटी भरतात तसं नीट, कोपऱ्यांत वर्तमानपत्र कोंबून. गुडघे हनुवटीला लावले. चपखल बसले. वरचं झाकण त्यांनी आतनंच ओढून घेतलं आणि वाट बघायला लागले. आता ती बॅग उघडेल. आता म्हणेल, अगं बाई, हे कुठनं आणलं!

उज्ज्वला दहाच्या एस्टीनं आली. पदरांमधनं वाट काढत ती आत शिरली, पाया पडली. आधी आईच्या, मग बाटलीच्या. "नाना, तब्येत सुधारली तुमची!"

बाटली खोकली.

"देवापुढं दिवा लावलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "गाठ सोड बाई एकदाची. मला ह्या बॅगेत एलिसासाठी कुरडया भरायच्यात, दगूअण्णांचा पाहुणा जाऊ राहिलाय तिकडं."

"अगं, भरलेलीच दिसू राहिली." उज्ज्वलानं बॅग एका हातानं उचलून बघितली. "काय घातलंय?"

"जुने कपडे असतील ह्यांचे. राहू दे, कुरडया पिशवीत देईन. काचेचं काही नाही ना?"

"नाही. मऊच लागतंय."

सगुणाबाईंनी खाली बसून बॅगेची उघडी चेन लावायला घेतली. एक बाजू झाली, कोपरा झाला. मागं उज्ज्वलाची बोटं गाठीवर चालत होती. "आई, सुटू राहिली गं," ती म्हणाली. "पदर धर, कुणाचा कुठला ते सांग."

तेवढ्यात बॅग खोकली. पहाटे उठल्यावर माणूस खोकतो तसा कोरडा खोकला.

सगुणाबाईंचा हात चेनीवर थांबला. चाळीस वर्षं ऐकलेला खोकला त्यांनी कान देऊन ऐकला, आणि मागनं, पाटावरनं, तोच खोकला परत आला.