साध्या पाण्याच्या बश्या

“बावन्न,” मावशी म्हणाल्या आणि साध्या पाण्याच्या काचेच्या बशीवर झाकण ठेवलं.

समोरच्या संशोधक बाईंनी आकडा लिहून घेतला. “आणि औषधाच्या बशीत?”

“ब्याऐंशी.”

बाई खुशीत होत्या. कलौंजीचं बी मुळात आळशी. ओल्या कागदावर ठेवलं तरी आठवडाभर ढिम्म हलत नाही. तेच बी आधी रात्रभर जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे वनस्पतींच्याच एका संप्रेरकाच्या, पातळ द्रावणात, याच औषधात, भिजवलं की भराभर मोड धरत होतं. मोडांत लोहही जास्त निघत होतं, पण ते शेजारच्या खोलीतलं यंत्र सांगायचं. शंभरातल्या किती बिया रुजल्या, ते मावशी सांगायच्या. बावीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत बिया मोजत होत्या. मावशींचा आकडा परत तपासायचा नसतो, असं मोठे सर नव्या मुलांना बजावत.

मोजून झालेल्या बश्या धुणं हेही मावशींचंच काम. त्या दिवशी साध्या पाण्याची बशी धुताना ओला कागद घसरला आणि बिया काळ्या फरशीच्या ओट्यावर सांडल्या. काळ्यावर काळं बी दिसेना. दिसत होते ते फक्त पांढरे मोड, आणि ते जरा जास्तच वाटले. मावशींनी एकेक करून मोजले. एकाहत्तर.

त्यांनी दुसरी बशी मुद्दाम उपडी केली. कागदावर पन्नास मोजलेले मोड ओट्यावर अडुसष्ट भरले. औषधाची बशी केली, तिथे तीनचाच फरक पडला.

काय झालं ते त्यांना उभ्या उभ्याच कळलं. औषधाचे मोड लांब, ठसठशीत. साध्या पाण्याचे जेमतेम तांदळाच्या कणीएवढे. पांढऱ्या कागदावर त्यातले बरेच त्यांना दिसतच नव्हते.

घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं. “नाही सांगितलंस तर काय होईल? चार महिन्यांनी निवृत्त होते आहेस. मान राहू दे की.”

“बाईंच्या प्रबंधात माझी अधू नजर छापली जाईल,” मावशी म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

सकाळी बाई येण्याआधीच त्यांनी तीन बश्यांतल्या बिया ओट्यावर पसरून ठेवल्या. बाईंनी स्वतः मोजल्या. मग स्टूल ओढून बसल्या.

“कधीपासून कमी दिसतंय?”

“थंडी संपली तेव्हापासून. चष्मा बदलला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

“पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता मला, मावशी.”

बाई चिडल्या होत्या. तीन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी त्यांनी जुने आकडे असलेली पानं बाजूला काढली आणि काळ्या कागदाचा गठ्ठा मागवला.

सगळा प्रयोग पुन्हा मांडला. मावशींनी कागद गोल कापले, बिया धुतल्या, बश्यांवर चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्यांवरची अक्षरं आता मोठी होती. मोजायला मात्र बाई बसायच्या, खिडकीजवळच्या मावशींच्या खुर्चीवर. ती खुर्ची मावशींनीच पुसून पुढे केली होती.

तीन महिने गेले. औषधाची सरशी राहिली, पण तिसांची नव्हे, चौदांची. लोहाचा फरक होता तेवढाच राहिला. मोठे सर म्हणाले, “चौदाही पुष्कळ झाले, खरे आहेत ना.” बाईंनी मान हलवली. त्यांना तीस आवडले असते.

शेवटच्या बश्यांच्या दिवशी बाई बराच वेळ वाकून बसल्या होत्या. मावशी धुण्याच्या बश्या घेऊन नळाशी उभ्या होत्या.

“मावशी, एकदा सत्तर आले, एकदा एकाहत्तर.”

“मग तिसऱ्यांदा मोजा. ओठ हलवत मोजा, चुकत नाही.”

बाई पुन्हा वाकल्या. खोलीत त्यांचं पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं. नळाकडे गेलेला हात मावशींनी मागे घेतला आणि मोजणी संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.