साहेबांच्या आद्याक्षरांचा पत्ता

ग्रंथालयाच्या मोठ्या साहेबांना सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण उद्घाटनाची फीत किती रुंद हवी ते पक्कं ठाऊक होतं. सर्व्हर बसवायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं. ती तिथली एकुलती एक संगणकवाली. फायली आज या मशीनवर असतात, उद्या दुसऱ्यावर, आणि छापलेले दुवे मरतात. म्हणून प्रत्येक फायलीला एक न बदलणारा पत्ता द्यायचा. फाईल कुठेही हलवली तरी सर्व्हर विचारणाऱ्याला बरोबर तिच्यापाशी नेऊन सोडतो.

तिच्या सासऱ्यांनी उभा जन्म रानोमाळ भटकून पक्ष्यांचे आवाज टेपवर धरले होते. ते सगळे तिनेच ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवून घेतले. आता त्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं आणि प्रत्येक पक्ष्याखाली त्याच्या आवाजाचा पत्ता जाणार होता.

"हा कधी तुटणार नाही ना गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कधीच नाही, बाबा," ती छातीठोकपणे म्हणाली.

इकडे साहेबांनी फर्मावलं, "पत्त्याच्या सुरुवातीला माझी आद्याक्षरं टाका."

"साहेब, पत्त्यात कुणाचंच नाव नको. नुसते आकडे बरे. माणसं बदलतात."

"मॅडम, ही संस्था मी उभी केलीय."

संस्था साहेबांच्या जन्माआधीची होती, पण हे त्यांना सांगणार कोण! हुज्जत घातली असती तर सगळंच बारगळलं असतं, आणि तिकडे छापखाना थांबून होता. तिने मुकाट्याने आद्याक्षरं टाकली. फीत कापली गेली. पुस्तकही छापून आलं.

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. दोघांत छत्तीसचा आकडा. पहिल्याच बैठकीत त्यांनी नाक मुरडलं.

"त्या माणसाचं नाव आपण का मिरवायचं? नवा सर्व्हर करा. कायमस्वरूपी. संस्थेला शोभतील अशी अक्षरं घ्या." शोभणारी अक्षरं कुणाची, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहूनच आणलं होतं.

"करते, साहेब. पण जुना चालू राहू दे. ते पत्ते पुस्तकात छापलेत. कोपऱ्यात पडून राहील बिचारा."

"मुळीच नाही!"

आणि साहेब जातीने उठून आले. तिच्याकडून जुना सर्व्हर बंद करवून घेतल्यावरच त्यांच्या जिवाला गार वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसांची अक्कल अक्षरांपुरतीच चालते! तिला दोघांचीही शिसारी आली, आणि मुकाट्याने आद्याक्षरं टाकणाऱ्या स्वतःचीही.

घरी आली तेव्हा सासरे संगणकासमोर बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं. एका बोटाने पत्ता टाइप करत होते. पडद्यावर तेच पुन्हा: असं काही सापडलं नाही.

"दुपारपासून टाकतोय," ते ओशाळून म्हणाले. "माझंच एखादं अक्षर चुकतंय. तू तर म्हणालीस, हा तुटत नाही."

"बाबा, तुमचं काही चुकत नाहीये."

त्यांनी मान वर केली नाही. "थांब गं, मध्ये बोलू नकोस," म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.