बोटभर फट

माझा गोटीराम सातपूरला कारखान्यात फळ्या बनवायचा. लाकडाच्या नव्हेत. मधे आपल्या हरसूलच्या डोंगरातल्या कारवीच्या काड्या, वरखाली गोणपाट, सगळं रेझिनात, म्हणजे कारखान्यातल्या चिकट रसायनात, भिजवून दाबलेलं. शाळांच्या दारांसाठी. ब्याऐंशी साल ते. साहेबानं बजावलं होतं, "आठ दिवस पाण्यात राहून फळी टिकली तर काम पुढं. नाहीतर तू परत हमालीला."

पहिली फळी पाण्यातून काढली तर पोळीसारखे पदर सुटलेले. गोटीराम ती घेऊन घरी आला, जेवेना.

मी फळी हातात घेतली. काडीला काडी चिकटलेली, काम बघायला सुरेख. असलंच सुरेख काम मी एकदा केलं होतं.

"गोट्या, काड्यांमधे फटी ठेव. बोटबोटभर."

"फटींनी फळी कमजोर होईल, आई. हे काय कुडाच्या भिंतीचं काम नाय."

"मग तुझं शहाण्याचं काम पाण्यात का फुगलं रे?"

तरी त्याला पटेना. शेवटी चाळीस वर्षं झाकलेलं उघडावं लागलं.

नवी नवरी होते, माहेरची ऐट अंगात. कारवीचा कूड घातला, मुंगी जाईल एवढी फट ठेवली नाही. दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली आणि अख्ख्या आळीला बघायला बोलावलं. माझी सासू साळूबाई आली. बघितलं न बघितलं, घातली कुडाला एक लाथ! सगळं लिंपण सालपटासारखं खाली. म्हणाली, "आतली माती बाहेरच्या मातीला भेटलीच नाय, तर धरणार कोण कोणाला?" आळी पोट धरधरून हसली.

गोटीरामही हसला. मग ताटावरून ताडकन उठला. "आई, फटीतून रेझिन आरपार जाईल! वरचं गोणपाट खालच्याला धरील!" हात न धुता सायकलवर टांग.

फटींची नवी फळी आठ दिवस पाण्यात ठेवली. नवव्या दिवशी मी स्वतः कारखान्यात हजर. फळी दोन ओंडक्यांवर आडवी टाकली. एक गडी चढला, दोन, चार. सहावा चढला तशी कुरकुरली. गोटीरामनं डोळे मिटले. फळी वाकली, पण पदर सुटला नाही!

"बास," साहेब म्हणाले.

"बास कशाला? तुम्ही चढा की साहेब, चांगले भारदस्त दिसता."

गडी खो खो हसले. साहेब खरंच चढले. फळीनं त्यांनाही झेललं.

"उद्यापासून दारं चालू," उतरत ते म्हणाले. "गोटीराम, ही युक्ती शिकलास कुठं?"

पोरगं माझ्याकडे बघत डोकं खाजवायला लागलं. आईची अब्रू राखत होतं गुलाम. मी पदर खोचला.

"तो काय सांगतो? माझ्या सासूच्या लाथेत होती ती विद्या. लाथ खाल्ली माझ्या कुडानं, कामाला आली तुमच्या."